विंडोज १० संपलं म्हणून लॅपटॉप भंगारात का घालायचा? (बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी जरूर लिहावं)

उद्यमबागवाला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. तेव्हापासून ओळखीतला जो भेटतो तो एकच विचारतो, "लॅपटॉप बदलावा लागतो काय हो?" दुकानात गेलं की उत्तर तयार असतं: बदला. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझं काम सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनच्या देखभालीचं. उद्यमबाग आणि मच्छेतल्या शेडमधून रोजचं फिरणं. अजूनही कितीतरी ठिकाणी व्हीएमसीच्या (उभ्या सीएनसी मशीनच्या) शेजारी पत्र्याच्या कपाटात एक संगणक असतो, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तरी तो सकाळी पहिल्या पाळीला चालू होतो आणि आपलं एकच काम करतो: जी-कोडचा प्रोग्राम (मशीननं कुठं, किती सरकायचं त्या सूचना) आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या केबलनं मशीनला पाठवायचा. मशीनकडं २५ पिनांचा कनेक्टर, संगणकाकडं ९ पिनांचा, वेग ९६०० बॉड. सेकंदाला हजारसुद्धा अक्षरं जात नाहीत. तेवढी पुरतात.

नव्या लॅपटॉपला ते ९ पिनांचं पोर्टच नसतं. मग यूएसबीचा कन्व्हर्टर आणा, त्याचा ड्रायव्हर शोधा. हलका कन्व्हर्टर लांबलचक प्रोग्राम पाठवताना मध्येच एखादं अक्षर गाळतो. ते अक्षर दशांशाचं टिंब असलं तर काय होतं हे मशीन लावून देणाऱ्या सेटरला विचारा. जुन्या कंट्रोलरवर एक्स या दिशेच्या अक्षरापुढं १० लिहून टिंब दिलं तर दहा मिलिमीटर. टिंब नसलं तर तोच आकडा ०.०१ मिलिमीटर धरला जातो. मशीन तक्रार करत नाही, सांगितलं तेवढंच सरकतं. अशा ठिकाणी जुना संगणक आणि त्याचं अंगचं पोर्ट हेच जास्त भरवशाचं आहे.

पण त्याच शेडच्या ऑफिसात जो संगणक असतो, ज्यावर जीएसटी भरतात, बँकेचे व्यवहार होतात, मेल येतात, तो मात्र जुन्यावर ठेवू नये. अपडेट बंद झाले म्हणजे संगणक बंद पडत नाही. सुरक्षेतलं नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नेट नसलेल्या, पेन ड्राइव्हसुद्धा तपासून लावायच्या संगणकाला त्याचं भय फार कमी. नेटला जोडलेल्याला रोजचं भय.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, यंत्राचं वय विचारू नका. ते कशाला जोडलंय ते बघा, आणि बिघडलं तर आपल्याच गावात कोण दुरुस्त करणार ते आधी शोधून ठेवा. घरच्या लॅपटॉपलाही मी हाच नियम लावतो. तुम्ही काय केलंय ते लिहा. नुसतं "हे घ्या, ते घ्या" नको. आपल्या पावसात, आपल्या विजेवर, आपल्याकडं लागणाऱ्या दोन-दोन लिप्यांत काय नीट चालतं ते हवंय.

पहिलं गेट

काका, चांगला विषय काढलात. मी टिळकवाडीत राहतो, कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप दुरुस्त करून देतो.

आधी माहिती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाहेर. त्यातले बरेचसे अंगानं ठणठणीत आहेत. घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. ही मुदत बऱ्याच जणांना ठाऊकच नाही.

दुसरं म्हणजे "लॅपटॉप स्लो झालाय" म्हणून जे येतात, त्यांच्या दहातल्या बहुतेकांचा प्रोसेसर चांगला असतो. अडतं ते हार्ड डिस्कवर. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची तबकडी फिरते, तिच्यावरचं हेड इकडून तिकडं जातं, आणि विंडोज चालू होताना हजारो लहान फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलाव्या लागतात. सगळा वेळ त्या हेडच्या येरझाऱ्यांत जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काही नाही, म्हणून तिथं हा वेळच लागत नाही. एसएसडी घातली, रॅम ४ ची ८ जीबी केली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढं हा खर्च किरकोळ आहे.

त्यावर मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली घालून देतो. ब्राउझर, यूट्यूब, पीडीएफ, लिब्रेऑफिस, मराठी-कन्नड टायपिंग, सगळं चालतं. खरं सगळ्यांना घालत नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे आणि काही ठरावीक प्रिंटर असलेले, यांना विंडोजवरच ठेवतो. सीएच्या ऑफिसात मिंट घालून देणं म्हणजे त्यांचं काम अडवणं.

मलप्रभेकाठी

खानापूर तालुक्यातून लिहितेय. पावसाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं होतं. बाहेरच्या परीक्षणांत बॅटरी, कॅमेरा, स्क्रीन सगळं असतं, पण कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चार महिने ते यंत्र कसं राहील याबद्दल एक ओळ नसते.

आमच्याकडं वीज जाते ती तास-दोन तास नाही. झाड तारेवर पडलं की रात्र जाते. माझं काम घरून चालतं, त्यामुळं नेट जाऊन चालत नाही. आधी राउटर घरच्या इन्व्हर्टरवर होता. मग हिशेब मांडला. इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट एसी तयार करतो आणि राउटरचा अॅडॅप्टर त्याच एसीतून पुन्हा १२ व्होल्ट डीसी करतो. दोन्ही वेळा वीज वाया. शिवाय नुसता राउटर चालवायला अख्खा इन्व्हर्टर चालू ठेवावा लागतो, तो स्वतःही बॅटरी खातो. त्यापेक्षा राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्या. हातावर मावतो. राउटर साधारण १० वॅट खातो. ३० वॅट-तासांचा यूपीएस असला तर तोटा धरून अडीच तास निघतात. जास्त हवं तर मोठा घ्यावा. घेताना राउटरच्या अॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. काही १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, काही ५ चे. चुकीचा लावला तर राउटर जळतो.

याचा एक फायदा विकणारे सांगत नाहीत. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की मी भिंतीतला प्लगच काढून ठेवते. राउटर यूपीएसवर, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. घरातल्या तारांशी दोघांचाही संबंध उरत नाही आणि काम चालूच राहतं. पूर्वी तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून नेट होतं तेव्हा वीज त्या तारेतून आत यायची आणि मोडेम मरायचे. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. मात्र गच्चीवरून, अंगणातून इथरनेटची केबल ओढली असेल तर ती तांब्याचीच आहे, ती काढून ठेवायची.

लो व्होल्टेजला लोक फार घाबरतात. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. दिवे मिणमिणले तरी त्याला काही होत नाही. घातक असतं ते न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटणं. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटला की काही घरांत दिवे मंद होतात आणि शेजारच्याच घरात व्होल्टेज ३०० च्या पुढं जातं. तेव्हा एकाच आळीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जातात. त्यासाठी जादा व्होल्टेजला आपोआप तोडणारं संरक्षण बोर्डातच बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला सांगितलं की तो देतो.

आणि दमट हवा. लॅपटॉप कपाटात ठेवून गणपतीत बाहेर काढू नका. रोज थोडा वेळ चालवा. आतली ऊब हाच त्याचा बचाव. कॅमेऱ्याची लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. लेन्सच्या आत बुरशी धरली की पुसून जात नाही.

हायवेवरचा

एवढं सगळं करण्यापेक्षा फोन घ्यावा ना चांगला? आजकाल लॅपटॉप लागतो कुणाला? बँक, तिकीट, फोटो, सगळं फोनवर. जुनं जपत बसण्यात अर्थ वाटत नाही मला. नवं यंत्र कमी वीज खातं, सुरक्षित असतं.

उद्यमबागवाला

फोनवर बँक होते, मान्य. पण ज्याला लिहायचंय, शिकायचंय, हिशेब ठेवायचाय त्याला मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतो. बारावीच्या मुलाला फोनवर प्रोग्रामिंग शिक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच घरात एसएसडी घातलेला जुना लॅपटॉप असला तर तो शिकतो. नव्याला माझा विरोध नाही. चालणारं यंत्र फेकायला विरोध आहे.

खानापूरच्या ताईंनी लिहिलेलं न्यूट्रलचं प्रत्येकानं वाचावं. शेडमध्येही कार्डं जळतात त्यामागं बरेचदा हेच असतं.

निपाणीची वाचक

फोनचा विषय निघालाय तर आमची बाजू लिहिते.

निपाणी कर्नाटकात, पुढं कागल महाराष्ट्रात. मोबाइलच्या हिशेबात ही दोन वेगळी सर्कल, म्हणजे कंपन्यांचे सेवेचे विभाग. गंमत म्हणजे चोर्ला घाटाच्या पलीकडचं गोवाही महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतं, म्हणजे आपल्या जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी तेच सर्कल भिडतं. रोमिंगचे पैसे लागायचे तेव्हा आमच्या घरात कर्नाटकाचं एक आणि महाराष्ट्राचं एक अशी दोन सिमं होती. माहेर कोल्हापूरकडचं, शेत इकडं. पलीकडचा टॉवर धरला की येणाऱ्या फोनलाही पैसे कापले जायचे. ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातला नंबर दुसऱ्या राज्यात तसाच नेता येऊ लागला, पुढं रोमिंगचं ओझंही गेलं. सीमाभागातल्या माणसाला त्या वर्षांत जे सुख झालं ते पुण्या-बेंगळुरात बसून कळायचं नाही.

एक त्रास अजून आहे. सीमेवरच्या गावात फोन दोन्हीकडचे टॉवर शोधत राहतो. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त जोर लावून बोलतो आणि बॅटरी दुपारीच संपते. लोक बॅटरी बदलायला पळतात. आधी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि आपलं नेटवर्क हातानं निवडा. घरात फायबर असेल तर वाय-फाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या नेटवरून फोन) चालू करा. मलप्रभेकाठीच्या ताई, तुमच्याकडं तर टॉवरच बंद पडत असेल, तेव्हा त्या छोट्या यूपीएसवर फोनसुद्धा चालेल.

नवा फोन घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारावं. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं सांगितलीत. बऱ्याच स्वस्त फोनांत कमी मिळतात. फोन चार वर्षं वापरणार असाल तर अपडेटसुद्धा चार वर्षं मिळाले पाहिजेत, एवढं साधं आहे.

मलप्रभेकाठी

हो, टॉवरचं डिझेल संपलं की सगळं ठप्प. वाय-फाय कॉलिंगवरच घरचे फोन चालतात. नोंद केलीत ते बरं झालं.

वडगावचा माग

उद्यमबागवाले काका, तुम्ही जी-कोडचं लिहिलंत म्हणून मला राहवलं नाही.

आमचं घर विणकरांचं. वडगाव, शहापूर, खासबाग या भागात यंत्रमागाचा आवाज ऐकतच आम्ही वाढलो. साडीच्या काठाची नक्षी काढणारा जकार्ड ज्यानं जवळून पाहिलाय त्याला संगणक समजायला वेगळं काही शिकावं लागत नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं असतात. एक पट्टी म्हणजे बाण्याचा एक धागा. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्या हुकाला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तिथं धागे खालीच राहतात. आहे किंवा नाही, मधलं काही नाही. पट्ट्या एकमेकींना शिवून त्यांची माळ केलेली असते. माळ फिरत राहते आणि तीच नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. माळ बदलली की मागाला हात न लावता नक्षी बदलली.

जोसेफ मारी जकार्डनं हे फ्रान्समध्ये लिओंला १८०४ साली केलं. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच पट्ट्यांची कल्पना घेतली. हर्मन हॉलेरिथनं १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत भोकांची कार्डं वापरली आणि त्याची कंपनी ज्या कंपनीत मिसळली तीच पुढं १९२४ मध्ये आयबीएम झाली. आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने होते. काळ्या पडद्यावरच्या टर्मिनलमध्ये ओळ ८० अक्षरांची असते ती तिथूनच आली. कोड लिहिणारी कितीतरी माणसं आजही ओळ ८० च्या आत ठेवतात.

आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत. डिझाइन संगणकावर काढायची, पेन ड्राइव्हनं मागाला द्यायची. पुठ्ठे शिवायचं काम गेलं, नक्षी बदलायला लागणारा वेळ वाचला. खरं जुनी माळ कोणी रद्दीत घालू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या काठाची डिझाइन कागदावर कुठंच नाही ती त्या भोकांत आहे. प्रत्येक पट्टीचा सपाट उजेडात फोटो काढला तर भोकांवरून नक्षी परत बांधता येते, त्यासाठी मोठी अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. आमच्या शाळांत संगणकाच्या तासाला मुलांना आधी माग दाखवावा. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच आहे. इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रकल्प म्हणून हे घ्यावं.

पहिलं गेट

हे भारी आहे. फोटोवरून भोकं ओळखणारा छोटा प्रोग्राम पायथॉनमध्ये होईल. पट्ट्या सरळ रेषेत ठेवल्या आणि मागं गडद कागद ठेवला तर फारच सोपं. दादा, एखादी माळ बघायला मिळेल काय?

वडगावचा माग

मिळेल की. संध्याकाळी या, माग थांबल्यावर.

कडोलीचा ग्रंथप्रेमी

दोन लिप्यांचा उल्लेख झाला, त्यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. थोडं लांबेल.

आपल्याकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशी गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात. त्यांच्या स्मरणिका, अध्यक्षांची भाषणं, कविता वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये झाल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, तीही २००१ ची. अक्षरं श्रीलिपी, शिवाजी, कृती देव असल्या फॉन्टांतली. त्या फायली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिखल दिसतो. कारण त्या काळी मराठी अक्षर साठवलं जातच नव्हतं. साठवलं जायचं ते रोमन अक्षराचं चिन्ह आणि फॉन्ट त्याला मराठी चेहरा द्यायचा. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

म्हणून विनंती: ज्यांच्याकडं संमेलनाच्या, मंडळाच्या, वाचनालयाच्या अशा फायली आहेत त्यांनी लॅपटॉप बदलण्याच्या घाईत त्या पुसू नयेत. आधी मूळ फॉन्टची फाइल शोधून सोबत ठेवा. मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. जुन्या फॉन्टांसाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नजरेखालून घाला, गडबड तिथंच होते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते.

आता कन्नडचं. आपल्यात असे असंख्य लोक आहेत ज्यांना कन्नड कळतं, बाजारात फाडफाड बोलता येतं, पण वाचता येत नाही. शाळा मराठी झाली. घरी येणारे कागद कन्नडमध्ये: जमिनीचा उतारा, वीजबिल, नोटीस. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करायची सोय आता आहे, आणि ती मोठी आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड २०११ ला आलं आणि मराठी २०१३ ला. पण उताऱ्यावर भाषांतर चालवू नका. यंत्र गावांची, शेतांची, माणसांची नावंसुद्धा शब्द समजून त्यांचा अर्थ लावायला जातं. उताऱ्यात हवं असतं ते नाव जसंच्या तसं.

त्यासाठी भाषांतर नको, लिपी बदला. आणि हे किती सोपं आहे बघा. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी आपल्या देशाच्या जुन्या इस्की मानकावरून घेतलीय, त्यामुळं सगळ्यांचा क्रम सारखा. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. फरक तोच ८९६. म्हणजे कन्नड मजकुरातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की तो मजकूर देवनागरीत उभा राहतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, मराठीत नाहीत, तरी देवनागरीच्या तक्त्यात त्यांच्याही जागा राखलेल्या आहेत. प्रोग्राम लिहायचा नसेल तर अक्षरमुख नावाचं साधन नेटवर फुकट आहे, त्यात मजकूर टाका, लिपी निवडा. कागदाचा फोटो असेल तर आधी फोनमधल्या गूगल लेन्सनं मजकूर उचला. कन्नड कळणाऱ्या माणसाला तो देवनागरीत दिसला की कुणाची मदत लागत नाही. सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे मात्र मूळ कागदावरूनच ताडून पाहा, फोटोवरून अंक उचलताना चुकू शकतात.

टायपिंगचंही तेच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. के दाबलं की मराठीत क, कन्नडमध्येही क. जे ला र, एच ला प, डी ला हलन्त, दोन्हीकडं. ज्यानं मराठी शिकलं त्याला कन्नड टायपिंग जवळजवळ आपोआप आलं. इथल्या मराठी पोरांना नोकरीच्या अर्जात कन्नड टायपिंग मागतात, तेव्हा हे हातचं साधन आहे. रोमनमधून लिहायची सवय सोपी पडते हे खरं, पण हात दोन लिप्यांत बसवायचा तर इनस्क्रिप्टला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

निपाणीची वाचक

८९६ चं वाचून मी लगेच आमच्या शेताच्या उताऱ्यावर करून पाहिलं. सासऱ्यांना देवनागरीत दाखवलं, ते मोठ्यानं वाचत गेले आणि अर्थ सांगत गेले. आजवर हा कागद नेहमी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. सर, मनापासून आभार.

हायवेवरचा

हे मात्र उपयोगाचं आहे. उताऱ्याचा त्रास आमच्याही घरी आहे.

मग एक विचारतो. वडिलांचा लॅपटॉप आहे, २०१४ चा, इंटेल आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चालू व्हायला खूप वेळ घेतो, त्यामुळं पडून आहे. त्यात घरचे सगळे जुने फोटो आहेत. बहिणीची मुलगी आठवीत गेलीय, तिला द्यावा म्हणतोय. काय करू?

पहिलं गेट

आधी फोटो. दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आत ते बाहेर काढा. यूएसबीच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, आणि दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी किंवा ऑनलाइन. गूगल फोटोमध्ये १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा मिळत नाही, मेल-ड्राइव्हसकट १५ जीबी, हे धरून चाला. फोटो वर्षानुवर्षं ठेवायचे असतील तर ते एसएसडीवर ठेवून कपाटात टाकू नका. तिला वीजच मिळाली नाही तर साठवलेला भार हळूहळू ओसरतो. त्या कामाला साधी हार्ड डिस्कच बरी.

मग २५६ जीबीची साटा (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी) एसएसडी आणि ४ जीबी रॅमची एक पट्टी. रॅम घेण्याआधी खालचं झाकण उघडून बघा, रिकामा स्लॉट आहे का आणि पट्टीवर डीडीआर३एल लिहिलंय का. त्या सालच्या लॅपटॉपांत बहुतेक तीच असते, तिच्या जागी डीडीआर४ बसत नाही. चार्जर, बिजागरी आणि कीबोर्ड ठीक असेल तरच खर्च करा. बॅटरी फुगली असेल तर लगेच काढा, तशीच वापरू नका.

उद्यमबागवाला

आणि जुनी ५०० जीबीची डिस्क फेकू नका. यूएसबीच्या डबीत घातली की तीच फोटोंची तिसरी प्रत.

मुलीला देताना त्यावर मिंट घाला, मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट चालू करून द्या. आठवीच्या वयात बोटं महिन्या-दोन महिन्यांत बसतात.

हायवेवरचा

मिंट घालायला काय काय आणू? मी रविवारी बेळगावात आहे.

पहिलं गेट

८ जीबीचा पेन ड्राइव्ह, चार्जर आणि फोटो काढायला बाहेरची हार्ड डिस्क. एसएसडी आणि रॅम आधी विकत घेऊ नका, झाकण उघडून बघितल्यावर खडेबाजारातून आणू. आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघू, वाय-फाय आणि आवाज लागला तर पुढचं. सकाळी अकरानंतर या.